डाव्या काठाचं पाणी

५ ऑक्टोबर, रविवार
पहाटेच नाशिक सोडलं, उजाडताना इगतपुरीकडच्या धरणावर. पाणी गार, वर धुकं. शबाना आज मधल्या तरंगत्या केशरी फुग्यापर्यंत न थांबता गेली आणि परत आली. दोन वर्षांपूर्वी तरणतलावात माझा हात सोडायला तयार नव्हती ही. काठावर येऊन म्हणाली, "ताई, मी रडत नाहीये, गॉगलमध्ये पाणी गेलंय." गॉगल हातात होता.
तिच्या शाळेत (उर्दू शाळा, गणित शिकवते) सगळ्यांना सांगून झालंय की ९ नोव्हेंबरला मॅडम धरणात पोहणार, मग सायकल, मग धावणार. तिच्या सासूबाईंनी पोहण्याचा अंगभर पोशाख स्वतः मापात शिवून दिलाय.

७ ऑक्टो.
आमच्या ट्रायथलॉन क्लबची बैठक. क्लब चालवणाऱ्या भामरे सरांनी स्पर्धेचा पोहण्याचा टप्पा माझ्या गळ्यात घातला. मार्ग, होड्या, जीवरक्षक, सुरुवातीची शिट्टी, सगळं. "तू ओझरला विमानाचे भाग तपासतेस, सुजाता. धरण काय चीज आहे." बरं वाटलं. हे मला जमेल. जमणारच.
स्वतः स्पर्धेत उतरता येणार नाही, एवढंच.

११ ऑक्टो.
पाण्याचा नमुना लॅबमध्ये दिला होता, त्याचा रिपोर्ट आला. उत्तम. लॅबच्या मॅडम म्हणाल्या, धरणाचं पाणी इतकं चांगलं क्वचित बघतो. सरांनी लगेच ग्रुपवर टाकलं, खाली टाळ्यांची रांग.

२६ ऑक्टो., रविवार
दिवाळी संपली. डाव्या काठाच्या वरच्या अंगाला जे नवं हॉटेल झालंय ते गच्च भरलेलं. गाड्या रस्त्यापर्यंत. आमचा सराव झाला. पोहायला सुरुवात करतो तिथे, डाव्या काठाशी, थोडा फेस. शबाना म्हणाली, साबणासारखा वास येतोय. मलाही आला. बाकी कोणाला नाही, किंवा कोणी बोललं नाही.

२८ ऑक्टो.
शबाना आजारी. उलट्या, पोट, ताप. सलाईन लावलं. ग्रुपवर लोकांचं "फराळ बाधला" चालू. शबानाकडे कसला आलाय फराळ! आमच्याकडून गेलेला चकल्यांचा डबा, तोही तिच्या मुलांनी संपवलेला.
संध्याकाळी एकेकाला फोन केले. आणखी दोघं तसेच पडलेत. तिघंही रविवारी पाण्यात होते. जे नुसते सायकल चालवायला आले होते ते ठणठणीत.
नवरा, मिलिंद, म्हणाला, योगायोग असेल. त्याला म्हटलं, आमच्या खात्यात योगायोग लिहायला रकाना नसतो.

२९ ऑक्टो.
अर्धी रजा. लॅबच्या निर्जंतुक बाटल्या, थर्माकोलच्या डब्यात बर्फ. होडीवाल्याला घेऊन दोन ठिकाणचे नमुने घेतले: डावा काठ, आणि मध्यावर फुग्यापाशी. मग डाव्या काठाच्या नाल्याने वर चालत गेले. पावसाळा संपलाय, नाला या दिवसांत आटायला हवा. वाहत होता. हॉटेलच्या मागच्या भिंतीतून एक पाइप थेट त्यात सोडलेला. फोटो काढले. वॉचमन म्हणाला, "मॅडम, इकडं काय काम?" म्हटलं, पाण्याचं.

३१ ऑक्टो.
रिपोर्ट. डाव्या काठाला ई-कोलाय इतके की मॅडमनी स्वतः फोन केला. "सुजाताताई, हे मैलापाणी आहे. शंकाच नको." मध्यावरचंही पोहण्याजोगं नाही.
जेवताना भूक चांगली लागली होती, हे लिहून ठेवते. म्हणजे मी घाबरले नव्हते. काय करायचं ते माहीत होतं.

१ नोव्हें.
सरांच्या घरी. रिपोर्ट टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला, बाजूला सारला.
"आम्ही लहानपणी म्हशींबरोबर डोहात पोहलो. काय झालं?"
"सर, तिघं आजारी पडलेत."
"पाणी काचेसारखं आहे. मी काल बघून आलो."
"दिसायला काचेसारखंच आहे."
मग एकदम आवाज उतरला त्यांचा. किती वर्षं हे डोक्यात होतं, बाहेरगावचे लोक येतायत, पोहण्याशिवाय कसली ट्रायथलॉन, तोंड काय दाखवू. हे सगळं खरं आहे. या माणसाने नाशकात चाळिशीच्या बायकांना पाण्यात उतरवलंय, नाहीतर मी आज कुठे असते.
पण म्हटलं, "या पाण्यात मी शिट्टी वाजवणार नाही. दुसरं कोणी वाजवलं तर मी काठावर उभी राहून प्रत्येकाला रिपोर्ट दाखवीन."
"धमकी देतेस?"
"नाही. आधी सांगून ठेवतेय."
काकूंनी चहा आणला. कोणी घेतला नाही. शेवटी एवढं ठरलं की आणखी एकदा तपासायचं. आता हॉटेल रिकामं झालंय, पाणी निवळेल असं सरांचं म्हणणं. ठीक.

३ नोव्हें.
पुन्हा नमुने. या वेळी सर सोबत होते. काठावर त्यांनी खाली वाकून ओंजळीत पाणी घेतलं, वास घेतला, सोडून दिलं. मग पँटला हात पुसले. बराच वेळ पुसत होते.

५ नोव्हें.
थोडं उतरलंय, पण पोहण्याजोगं नाही. सरांना रिपोर्ट पाठवला. दोन निळ्या खुणा.
रात्री ग्रुपवर त्यांचाच निरोप: पोहण्याचा टप्पा रद्द, त्याऐवजी आधी एकदा धावणं. कारण: "पाण्याची गुणवत्ता". माझं नाव नाही, हॉटेलचंही नाही.
शबानाचा फोन. मला वाटलं होतं हिला तरी पटेल.
"मी उतरणार होते ताई. मला होऊन गेलं ना आजारपण, आता काय होणार?"
"पुन्हा होणार."
"ते माझं मी बघेन. सगळ्या वर्गाला सांगितलंय मी. तुम्ही मला विचारलंसुद्धा नाही."
फोन ठेवला तिने. विचारलं असतं तरी माझं उत्तर बदललं नसतं. तरीही विचारायला हवं होतं का...

९ नोव्हें., रविवार
स्पर्धा झाली. धावणं, सायकल, धावणं. सकाळी माइक माझ्याकडे दिला. सरांनी स्वतः दिला. काय सापडलं, कुठे सापडलं, सरळ सांगितलं. पुण्याहून आलेला एकजण म्हणाला, आधी कळलं असतं तर आलोच नसतो. म्हटलं, कळवलं होतं, पण तुमचा राग बरोबर आहे. काहीजण पाण्याकडे बघून मान हलवत होते. इतकं निळं, इतकं शांत पाणी. त्यांना दोष नाही.
शबाना आजारातून उठून धावली. शेवटाकडे आली, पण आली. तिच्या वर्गातल्या मुलींनी फलक आणला होता, त्यावरचं पोहण्याचं चित्र कागद चिकटवून झाकलेलं. माझ्याकडे न बघता गेली.
आणि मग ही गोष्ट. मैदान गावाचं. सरपंच मीराबाई सकाळपासून लिंबू-सरबताच्या टेबलामागे उभ्या. आवराआवर चालली होती तेव्हा जवळ आल्या.
"ताई, माइकवर म्हनलात त्ये समदं खरं का?"
"खरं."
"डाव्या काठाचं?"
"हो."
"आमच्या नळाची हीर तिथंच हाय." मग हळूच, "तुमी पोहायला नाय म्हनलात. मंग प्यायला?"
मी इतके दिवस पोहणाऱ्यांचा विचार करत होते. एका रविवारचा. समोरचं गाव रोज तेच पाणी पितं, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. विहीर दिसत होती, तरी.
"पावडर टाकतो आमी टीसीएलची, जंतू मरायला," त्या म्हणाल्या. "पन दिवाळीपासनं पोरांची पोटं लय बिघडल्यात. म्हनलं, गोडाधोडाचं झालं."
आमच्या ग्रुपवरही हेच म्हणत होते.

१० नोव्हें.
कामावर लक्ष नव्हतं. दुपारी मीराबाईंना फोन: पाणी उकळूनच प्या, सगळ्यांना सांगा. त्या म्हणाल्या, कालच दवंडी दिली. लॅबच्या मॅडम विहिरीचं पाणी तपासून देतायत.

१३ नोव्हें.
विहिरीतही तेच. काठाइतकं नाही. पण आहे.

१६ नोव्हें., रविवार
ग्रामसभा. शाळेच्या व्हरांड्यात, बायका पुढे बसलेल्या. हॉटेलचा मॅनेजर आला होता, इस्त्रीचा शर्ट, फार नम्र. म्हणाला, पाइप फक्त पावसाच्या पाण्याचा. मी फोटो दाखवला. म्हणाला, फोटो कुठलाही असू शकतो. मागून एक म्हातारे म्हणाले, "चल की मंग, आत्ताच बघू." सगळी सभा उठून नाल्याकडे निघाली.
पाइप तिथेच होता. वाहत होता. मॅनेजरने नाकाला रुमाल लावला आणि मग लक्षात येऊन खाली घेतला.
महिन्यात शोषखड्डा आणि टाकी बांधून देतो, असं त्याने लिहून दिलं. मीराबाईंनी तालुक्यालाही अर्ज केलाय. गावातल्या दोघांना त्या हॉटेलात नोकरी आहे, ते कडेला उभे होते. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.
शबाना आली होती! न सांगता, स्कूटरवर, एवढा लांब. पोरींना गोळा करून पाणी कसं उकळायचं, किती वेळ ठेवायचं ते वर्गात शिकवल्यासारखं शिकवत होती. निघताना म्हणाली, "मी अजून रागावलेय, ताई." म्हटलं, राहा. पण घरी पोचलीस की फोन कर. केला.

२३ नोव्हें., रविवार
काल सरांचा मेसेज आला, इतक्या दिवसांनी पहिलाच. पुढच्या वर्षासाठी दुसरं धरण बघून आलेत. वर वस्ती नाही, हॉटेल नाही, रस्ता चांगला. "पाण्याची जबाबदारी तुझीच. कळव." सरांच्या भाषेत ही माफी आहे, मला कळते. आनंद झाला, खोटं कशाला लिहू. शबानाला पुढे पाठवला. तिने नुसतं विचारलं, "तुम्ही काय म्हणताय?"
आज सकाळी विहिरीवर. या वेळी बाटली मीराबाईंनी भरली. तोंड कसं धरायचं, झाकणाला आतून बोट लागू द्यायचं नाही, एकदा सांगितलं तर पुन्हा विचारलं नाही. टाकीचा खड्डा खणून ठेवलाय हॉटेलने, पुढचं काम थांबलेलं. पाइप तसाच.
मेसेजचं त्यांना सांगितलं. लपवण्यासारखं काय त्यात.
त्या झाकण फिरवत होत्या. "जा की," म्हणाल्या. "तुमाला धरनं लय हायत." टोमणा नव्हता. खरंच जा म्हणत होत्या. त्यांना विहीर मात्र ही एकच.
बाटली बर्फात ठेवली, डबा गाडीत. रिपोर्ट मंगळवारी. सरांना अजून काही कळवलेलं नाही.