हातावरची तीन अक्षरं

१३ नोव्हेंबर १९७२, सोमवार

आज राहात्याला पोचले. पुणतांब्याहून सकाळची एसटी वेळेवर आली, खिडकीही मिळाली. स्टँडवर बन्सी नावाचा शिपाई सायकल घेऊन उभा होता. माझी पेटी त्याने कॅरियरला बांधली आणि वाटभर बोलत राहिला. ज्यांच्याकडे कामाला आले त्या साहेबांना गावात किडेसाहेब म्हणतात. बन्सी म्हणाला, भिऊ नका लंकाबाई, साहेब लई देवमाणूस हाय, फकस्त मुंगी मेली तरी पंचनामा करतो. मी हसले. किती दिवसांनी हसले, ते आठवत नाही.

बंगला पेरूच्या बागेत आहे. यंदा पाऊस नसल्याने झाडं खराटा झालीत, पण विहिरीला अजून पाणी आहे. मला मागची खोली दिली आहे. पूर्वेला खिडकी, खाटेवर जुन्या लुगड्यांची मऊ गोधडी. कामाच्या टेबलाशी माझी वेगळी खुर्ची आहे. मला आजवर कुणी खुर्ची दिली नव्हती.

साहेब सरकारी नोकरीतून निवृत्त झालेत. तीस वर्षं जमवलेले बारीक किडे पुन्हा तपासून त्यांची वर्णनं ते नव्याने लिहीत आहेत. जुन्या चिठ्ठ्यांच्या नकला करायला चांगल्या अक्षराचं माणूस हवं होतं. आमच्या वाचनालयाच्या गुरुजींनी माझं नाव कळवलं. दीर म्हणाले, दुष्काळी कामावर खडी फोडण्यापेक्षा बरं. म्हणून आले. रोज थोडं लिहायचं असं ठरवून कोरी वही आणली आहे.

१५ नोव्हेंबर, बुधवार

काम समजलं. साहेब तपासतात त्या प्राण्यांना ते कोळी म्हणतात. जाळं विणणारा नव्हे. वांग्याच्या, पेरूच्या पानामागे असतो तो, टाचणीच्या टोकाहून बारीक, आठ पायांचा. एका काचपट्टीवर एक कोळी आणि शेजारी चिठ्ठी. कशावर सापडला, कुठे, कधी, कोणी पकडला. साहेबांचा नियम एकच आहे. जुन्या चिठ्ठीवर असेल तेच उतरवायचं. चूक दिसली तरी दुरुस्त करायची नाही.

एक डबा कुलपात असतो. त्यात तीन काचपट्ट्या आहेत. हा कोळी साहेबांनी स्वतः शोधला, त्याला नाव दिलं. त्याच्या पोटात निळसर हिरवे कण असतात, हीच त्याची ओळख. पण काचेखालचा डिंक काळा पडला आणि आता आतलं काही दिसत नाही. परदेशातल्या कुणा विद्वानाने छापलं आहे की हा कोळी वेगळा नाहीच, साधाच आहे. ते खरं ठरलं तर साहेबांनी दिलेलं नाव पुसलं जाईल. ताजा नमुना हवा आणि तो मूळ जागीच सापडायला हवा. हे सांगताना साहेब हात धूत होते. ते फार वेळा हात धुतात.

१९ नोव्हेंबर, रविवार

स्वयंपाक कडूबाई करतात. त्यांना अंधुक दिसतं, जीभ मात्र शाबूत आहे. मला म्हणाल्या, भाकर थापती का किडं मोजती? माझ्या आधी चिठ्ठ्या लिहायची ती त्यांची लेक, मुक्ताबाई. तीही विधवा, तीही पुणतांब्यालाच दिलेली. दोन वर्षांमागे वारली. माझी खोली तिची, गोधडीही तिचीच.

कडूबाईंनी माझा डावा हात डोळ्यांपाशी नेला आणि गोंदण बघून विचारलं, काय लिवलंय? ह्यांचं नाव, मी म्हणाले. वाच म्हणाल्या. मी नुसती हसले. नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे त्यांना मी काय सांगायचं. त्या हसल्या नाहीत. लांब बाहीचं पोलकं शिव, एवढंच म्हणाल्या.

लग्नाच्या पहिल्या वर्षी जत्रेत गोंदून घेतलं होतं. ह्यांनी बिडीच्या कागदावर तीन अक्षरं लिहून दिली, गोंदणारणीने ती तशीच काढली. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. पुढे ह्यांनीच अक्षरओळख करून दिली, ती माझ्याच हातावरून. जगात मी पहिल्यांदा काही वाचलं असेल तर ही तीन अक्षरं. येत्या चैत्रात ह्यांना जाऊन तीन वर्षं होतील. फोटो कधी काढला नाही. लग्नानंतर नाव तोंडाने घेतलं नाही, कुठे लिहिलंही नाही. लिहायची गरज नव्हती, हातावर होतंच.

२७ नोव्हेंबर, सोमवार

दोन दिवस डाव्या हाताला खाज आहे. काही दिसत नाही. मी कुणाला सांगितलं नव्हतं, तरी साहेबांनी दुपारी विचारलं, बाई, हात दाखवता? भिंगातून बराच वेळ पाहिलं. आज मात्र त्यांनी हात धुतले नाहीत.

२ डिसेंबर, शनिवार

कडुलिंबाचा पाला वाटून लावला, गंधकाचं मलम लावलं. खाज तशीच. शेवटच्या अक्षराचा रंग उतरला आहे. उन्हात नेऊन पाहिलं. पाटीवरचं अक्षर ओल्या बोटाने पुसल्यावर राहतं तेवढंच आहे.

६ डिसेंबर, बुधवार

सकाळी दहाला सूक्ष्मदर्शकाच्या आरशावर ऊन आलं. साहेबांनी माझ्या हातावरून सुईने काही उचललं, काचेवर ठेवलं आणि मला बघायला सांगितलं.

आठ पाय. अंग काचेसारखं, आरपार दिसणारं. पोटात निळसर हिरवे कण, एका ओळीत.

साहेबांनी चिठ्ठी सांगितली. कशावर: मुक्ताबाई, विधवा, पुणतांबा, डावा हात. मी म्हणाले, मी लंका आहे साहेब. ते शांतपणे म्हणाले, ज्यावर पहिला सापडला त्यावरच दुसरा सापडायला हवा, नाहीतर तो पहिल्याच्या जागी उभा राहू शकत नाही. जुन्या तिन्ही चिठ्ठ्यांवर हेच आहे. नियम तुम्हाला ठाऊक आहे.

मी लिहिलं. अक्षर छान आलं.

८ डिसेंबर, शुक्रवार

दोन दिवस विचार करून आज साहेबांना सांगितलं. ते कण कोळ्याचे नाहीत. गोंदणाची शाई आहे. मुक्ताबाईंच्या हातावरही असणार. तुम्ही त्या हातावरून ओळख ठरवली, चूक झाली, वर्णनातून काढून टाका.

मला वाटलं रागावतील. ते उठून खिडकीशी गेले. मग म्हणाले, शाई खाणारा दुसरा कोळी जगात नाही, म्हणजे हा वेगळाच. नाव राहिलं. आता शाई संपल्यावर तो काय करतो, एवढंच पाहायचं. मागच्या वेळी ते टिपायचं राहून गेलं. थोडेच दिवस, बाई.

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आनंदाचं.

१२ डिसेंबर, मंगळवार

शेवटचं अक्षर गेलं. कातडी कोरी.

आज भाजी निवडताना ह्यांची हाक आठवायला गेले. बाहेरून आले की दारातूनच हाक मारायचे. काय म्हणायचे ते आठवतं. आवाज येत नाही. तोंड हलताना दिसतं.

कडूबाईंना विचारलं. त्यांनी परातीतला हात थांबवला नाही. म्हणाल्या, माझ्या मुक्तीच्या हातावर लई गोंदण हुतं, नवऱ्याचं नाव, तुळस, समदं. धुवून निघाल्यावानी गेलं. आधी नवरा इसरली. मंग सासर. शेवटाला मला म्हनली, आजी तुमी कोन? मी विचारलं, मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं. म्हणाल्या, सांगितलं आस्तं तर तू राह्यली न्हाई आस्ती. आन घर लई मोकळं झालं हुतं गं.

१७ डिसेंबर, रविवार

गोधडी जाळली. बन्सीने रॉकेल आणून दिलं. अंगावरचं लुगडं उकळत्या पाण्यात काढलं. हात मिठाने घासला, रक्त आलं. दुपारी भिंगातून पाहिलं. मधल्या अक्षरावर रांग होती.

मनात आलं, वहीत नाव लिहून ठेवावं. टाक हातात धरून बसले. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. आता कमी व्हायला काही उरलेलं नाही. तरी हात चालेना. अजून दोन अक्षरं आहेत. उद्या जाते, घरी जाऊन बघू.

१८ डिसेंबर

पेटी घेऊन स्टँडवर गेले. कंडक्टरने विचारलं, कुठलं तिकीट?

मला सांगता आलं नाही. नदी डोळ्यांपुढे होती, घाट होता, आमचं दार होतं. गावाचं नाव नव्हतं. कंडक्टर म्हणाला, मावशी, सासरचं देऊ का माहेरचं? मागची माणसं हसली. मीही हसले असेन. गाडी गेली. दुसरीही गेली.

संध्याकाळच्या आत बन्सी आला. पेटी कॅरियरला बांधली.

२३ डिसेंबर

मधलं अक्षर गेलं.

ह्यांचा चेहरा — कपाळापर्यंत येतो. पुढे येत नाही. टोपी येते. टोपीखाली काही नाही.

साहेब रोज सकाळी दहाला हात तपासतात. वही भरत चालली आहे त्यांची. फार सुंदर वर्णन होतंय म्हणाले.

२८ डिसेंबर

लिहायचं ठरवलं. रीत राहिली बाजूला. टाक उचलला. हातावर एक अक्षर आहे ते पाहून उतरवायला गेले. ते अक्षर आहे, मला दिसतं. त्याला काय म्हणतात ते येईना. ज्यावरून मी वाचायला शिकले, ते मला वाचता —

आधी का नाही लिहिलं. सतरा तारखेला दोन अक्षरं होती. टाक हातात होता.

१ जानेवारी

बन्सीला पाठवलं. गावी जा, दिरांना विचार, त्यांच्या थोरल्या भावाचं नाव काय. बन्सीला गाव माहीत होतं. गेला बिचारा सुट्टी घालवून.

आला. सांगितलं.

ऐकू आलं. तोंडात धरेपर्यंत गेलं. पुन्हा सांग म्हटलं. तीनदा सांगितलं त्याने. चौथ्यांदा त्याला रडू फुटलं. वहीत लिही म्हटलं. तो म्हणाला, लंकाबाई, म्या अंगठाबहाद्दर, मला कुठलं लिवता येतंय.

लंकाबाई म्हटल्यावर ओ द्यायला मला वेळ लागला.

६ जानेवारी

वहीच्या पहिल्या पानावर पुणतांबा लिहिलंय. माझंच अक्षर आहे. कुठलं गाव असेल.

खाज थांबली. हात कोरा, गुळगुळीत. साहेबांनी शेवटची काचपट्टी केली. शाई संपल्यावर कोळी मरत नाहीत. आत जातात. साहेबांनी मला ते वाचून दाखवलं. चिठ्ठी लिहायला सांगितली. कुणी पकडला, तिथे काय लिहू विचारलं. म्हणाले, तुमचं नाव. मी मुक्ताबाई लिहिलं. कुणी चूक म्हणालं नाही.

९ जानेवारी

म्हातारी हात चाचपून म्हणाली, आली का गं. मी हो म्हटलं. काय बिघडलं. तिने भाकरीवर तूप जास्त घातलं.

बन्सी अंगणातून लंकाबाई, लंकाबाई करत होता. कुणाला बोलावत होता कोण जाणे.

कुणीतरी होतं. एवढं आहे अजून. दारातून हाक मारणारं कुणीतरी. ते जाऊ देणार नाही. ते मी —

१४ जानेवारी, संक्रांत

पलीकडच्या वस्तीवर हळदीकुंकू आहे. मला बोलावणं नाही. कुंपणापाशी उभी राहून ऐकलं. बायका एकेक उखाणा घेत होत्या. नाव घे, नाव घे म्हणून एकमेकींना ढकलत होत्या. एकीने आढेवेढे घेतले तर दुसरी म्हणाली, आगं घे की, नाव काय भाकर मागतंय का?

आणि मला माझा आठवला. मीही एकदा घेतलाय. मांडवात, सगळ्यांपुढे. एकदाच घेतलंय नाव, पण घेतलंय.

पळत आत आले. पहिली ओळ आहे. पक्की आहे. दुसरी ओळ नावानेच सुरू होते. थांबायचं नाही, विचार करायचा नाही, एका दमात लिहायचं, हात आपोआप पुढे जाईल —

गोदेच्या घाटाला पायऱ्या सात,