एक खुर्ची, दोन माणसं

सोमवार, ३ जून

आज माझ्या प्रोग्रॅमिंगच्या क्लासात थ्रेड शिकवले — एकाच प्रोग्रॅममधली दोन कामं एकाच वेळी चालवायची. उदाहरण नेहमीचंच: एक खुर्ची, दोन माणसं. दोघं एकाच क्षणी बघतात, दोघांना रिकामी दिसते, दोघं बसतात! हा घोटाळा आधी दाखवायचा, मग लॉक शिकवायचं. लॉक म्हणजे कुलूपच — एकाचं बघून बसून होईपर्यंत दुसरा दाराबाहेर.

पण मेला घोटाळा होईचना! पन्नासदा चालवलं, पन्नासदा एकच माणूस बसला. वर्ग हसायला लागला. तेवढ्यात तास संपला. लॉक पुढच्या सोमवारी, म्हटलं. रुग्णवाहिकांच्या कंट्रोल रूममधले काका वर्गात सगळ्यांत मोठे. वहीत सगळं उतरवून म्हणाले, "चालतंय की, मॅडम." मीही हसले.

सोमवार, १० जून

लॉक शिकवलं. काका नव्हते, ड्यूटी बदलली म्हणे. टिपणं पाठवायला हवीत.

बुधवार, १२ जून

टिपणं राहिलीच.

मंगळवार, १८ जून

वर्गातल्या एकीनं सांगितलं. काल कंट्रोल रूममध्ये दोन फोन एकदम आले. मोकळी गाडी एकच. नव्या प्रोग्रॅमनं दोघांनाही तीच दिली! एका घरी पोचली. दुसऱ्या घरची बाई दारात उभी, आत तिच्या नवऱ्यानं जीव सोडला.

प्रोग्रॅम काकांचा. फोन घेणाऱ्या पोरींची धावपळ वाचावी म्हणून स्वतःहून लिहिलेला.

गुरुवार, २० जून

चौकशी समितीचा फोन — तज्ज्ञ म्हणून प्रोग्रॅम तपासून द्या. मी! त्यांना काहीच ठाऊक नाही. उघडला. माझ्याच ओळी. खुर्चीच्या जागी गाडी, बाकी जसंच्या तसं. लॉक नाही.

नवऱ्याला सांगितलं. म्हणाला, हात दाखवून अवलक्षण कशाला? क्लास बंद पडेल. मला ते पटलं, याची लाज वाटते.

शुक्रवार, २१ जून

काकांचा फोन. निलंबित केलंय, निवृत्तीला आठ महिने उरलेत. खटलाही होईल म्हणतात.

"तपासायला तुम्ही आहात कळलं आणि जिवात जीव आला. तुमच्याकडे शिकलो हे मी कुणाला बोललो नाही, उगाच तुम्हाला त्रास. फक्त माझं कुठं चुकलं तेवढं सांगा, मॅडम. मला अजून कळत नाहीये."

सोमवारी सांगते, म्हटलं.

सोमवार, २४ जून

अहवाल दिला. माझ्या क्लासचा उल्लेख कुठंच नाही. दोष सर्वस्वी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा, असं लिहून खाली सही केली.