अलास्का, व्हाया बागेपल्ली

येलहंका, बंगळुरू
रविवार, दुपार

सौ. मुग्धावहिनीस,

सुखदाचा नमस्कार, आणि तोही वाकून (कंबर धरली आहे, तरी वाकून, का धरली ते पुढे येईलच). तुझा गुडघा कसा आहे? दादा साखर न घातलेला चहा पितो की तू पाठ फिरवलीस की घालतो? इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत, म्हणजे कालपासून पुन्हा सुखरूप आहोत. पत्राची सुरुवात मी आधी 'तुम्ही'ने केली होती. दोन ओळी झाल्यावर वाटलं, तू म्हणशील ही काहीतरी मागायला आली आहे. म्हणून कागद बदलला. मागायचं काहीच नाहीये, वहिनी. उलट एक गोष्ट रद्द करायची आहे.

फोन सोडून कागदावर का लिहितेय, असं तुला वाटेल. फोनवर तुमच्याकडे दादा स्पीकर लावतो आणि आमच्याकडे श्रीरंग. व्हॉट्सअॅपवर लिहावं, तर तिथे याच नवऱ्याने 'उत्तरायण' नावाचा ग्रुप काढून ठेवलाय. त्यात तू, दादा, मी आणि माझ्या सासूबाई आहोत (त्या तिथे रोज सकाळी जास्वंदीचा फोटो टाकतात, तो अलास्काशी कसा निगडित आहे हे कुणी विचारलेलं नाही). शेजारची हर्षिता पुढच्या आठवड्यात शिकायला तुमच्या कॅल्गरीला येतेय, तिच्या हाती हे पाठवते. एकटी असताना वाच.

तुला आठवत असेल नसेल, दादाच्या वाढदिवसाला आपण व्हिडिओ कॉलवर बोललो. बोलणं संपलं, मग 'चला, ठेवते' झालं, मग आपल्या रीतीप्रमाणे त्यानंतरचं अर्ध्या तासाचं बोलणं सुरू झालं. त्यात अगदी शेवटी, तुझं बोट लाल बटणावर असताना, तू म्हणालीस, "अगं, ये ना एकदा माहेरपणाला. सगळेच या. ती घरासारखी गाडी काढू आणि थेट अलास्कापर्यंत जाऊ." मी म्हटलं, "हो हो, नक्की." इथपर्यंत सगळं रीतसर झालं. आपल्यात दारातून पाहुणा निघाला की 'आता राहायलाच या' म्हणतात, पाहुणाही 'येणारच' म्हणतो, आणि दोघंही आपापल्या घरी सुखाने राहतात. पण मागे श्रीरंग शर्टाला इस्त्री करत होता. त्याने ते ऐकलं.

श्रीरंगला तू ओळखतेस. आयुष्यभर सरकारी प्रयोगशाळेत विमानाच्या पंखांवर काम केलेला माणूस. त्याला कुणी 'कधीतरी' म्हटलं की तो 'म्हणजे कोणत्या तिमाहीत?' असं विचारतो. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर नकाशा लागला. कॅल्गरीहून निघायचं, कॅनडाचं जंगल चढत चढत युकॉनमध्ये जायचं आणि तिथून सीमा ओलांडून अमेरिकेच्या अलास्कात शिरायचं. सासूबाईंनी आमटी वाढता वाढता नकाशा नीट पाहिला. "अमेरिका इथे खाली, आणि हा तिचाच तुकडा तिथे वर? मधे दुसऱ्याचा देश?" "हो," श्रीरंग म्हणाला. "आणि दोघं भांडत नाहीत? आपल्या बेळगावसारखं नाही का काही?" श्रीरंग म्हणाला, "आई, बंगळुरूत चाळीस वर्षं काढलीस, ती हा विषय न काढता. आता जेवताना कशाला?"

मी हसत होते वहिनी, पण खरं सांगू? कोथरूडची जागा विकल्यापासून मला माहेरपणाला म्हणून कुठे जायला नाही. तक्रार नाही. बंगळुरूची हवा चांगली आहे. पण मे महिन्यात सोसायटीतल्या बायका बॅगा घेऊन हुबळीला, नागपूरला, पालक्काडला निघाल्या की मी उगाच कपाटं आवरायला काढते. म्हणून तुझं ते 'माहेरपणाला ये' कानावर पडलं तेव्हा मी फोन हातात धरून बराच वेळ बसले. मग स्वतःला समजावलं, की फोन ठेवताना माणसं बोलतात, तसं ती बोलली. नणंदेने भावजयीचा प्रत्येक शब्द असा पकडून ठेवला तर भावजयीने बोलायचं तरी कसं? हे मी स्वतःला समजावलं. श्रीरंगला समजावायला गेले, तर तो म्हणाला, "बोलल्या ना? मग झालं."

आता कालची हकीगत. श्रीरंगच्या प्रयोगशाळेत उडणारी कुठलीही वस्तू आधी जमिनीवर चालवून बघतात, म्हणून अलास्काचीही तालीम ठरली. पीण्या औद्योगिक वसाहतीत एकाने टेम्पो ट्रॅव्हलरच्या आत घर बसवून कॅरव्हॅन केली आहे: चार बिछाने, शेगडी, मोरी आणि संडास. ती चालवायला यल्लाप्पा नावाचे गृहस्थ आले. गाडी आमच्या सोसायटीच्या कमानीखालून आत येईना, कारण वर एसीचा डबा होता. मग शुक्रवारी संध्याकाळी आम्ही गाद्या, कुकर, डबे आणि सासूबाईंची आरामखुर्ची रस्त्यावरून वाहून नेली. चार शेजाऱ्यांनी बदली कुठे झाली विचारलं. एकीने तर डोळ्यांत पाणी आणून माझ्याकडची तिची इडलीची भांडी परत मागितली.

सासूबाईंनी आत पाऊल टाकलं आणि पहिलंच वाक्य म्हणाल्या, "चुलीपासून दोन हातांवर संडास?" श्रीरंगने टाकी, झडप, वास न येण्याचं शास्त्र, सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "शास्त्र ठीक आहे रे, पण मी भाकरी थापताना आत कुणी असेल हे मला माहीत असणार ना." शेवटी तह झाला. शेगडी पेटलेली असताना आत कुणी जायचं नाही, आणि आत कुणी असताना शेगडी पेटायची नाही. या नियमाने नाश्त्याला पावणेअकरा वाजले. गणपती समोर काचेपाशी ठेवायचा होता, तिथे यल्लाप्पांचा मारुती आधीच होता. ते म्हणाले, "स्वल्प अॅडजस्ट माडोणा, अज्जी," आणि मारुती जरा सरकवला. जागा मिळाली म्हणून सासूबाई खूश झाल्या, अज्जी म्हटलं म्हणून देवनहळ्ळीपर्यंत गप्प राहिल्या.

रात्रीचा मुक्काम नंदी टेकडीच्या पायथ्याशी होता, हे मी मधेच सांगायला विसरले (नाश्ता त्यानंतरचा). बिछाना इतका अरुंद की कूस बदलायची तर आधी उठून उभं राहावं लागे. कंबर तिथेच गेली. अस्वलांची तालीमही झाली. अलास्कात खायचं उघड्यावर ठेवलं तर अस्वलं येतात, म्हणून श्रीरंगने पत्र्याची एक पेटी स्वतः बनवली होती, जिचं झाकण अस्वलाला उघडता येणार नाही. सकाळी एका माकडाने ते उघडलं. श्रीरंगला त्याचा राग आला नाही, तो वाकून झाकण बघत बसला, आणि माकड आमच्या मेथीच्या लाडवांचा डबा काखेत घेऊन त्याच्याकडे बघत बसलं.

मग निघालो सीमेकडे. उत्तरेला जायचं आणि सीमा ओलांडायची, तर हैदराबादच्या रस्त्याने बागेपल्लीच्या पुढे आंध्र लागतो, हे श्रीरंगच्या हिशेबात छान बसत होतं. सीमेच्या अलीकडे त्याने गाडी कडेला घ्यायला लावली, डोक्यावर खाकी टोपी घातली, हातात पुठ्ठा आणि पेन घेतलं, आणि बाहेर जाऊन आमचाच दरवाजा ठोठावला.

"कुठून आलात?"

"येलहंकाहून," सासूबाई म्हणाल्या. "तूही तिथूनच आलास."

"सोबत फळं, बियाणं, मांस वगैरे?"

"शिरू, मला मांस विचारतोस?"

"आई, हो किंवा नाही एवढंच सांगायचं. तिथे अधिकारी चिडतात."

"मग तिथला चिडू दे. तू कशाला चिडतोस?"

त्याने माझ्याकडे मोर्चा वळवला. "प्रवासाचं कारण?"

मी म्हटलं, "माहेरपण."

"तिकडे कोण आहे?"

"दादा-वहिनी."

"त्यांनी बोलावलंय?"

आणि वहिनी, सोपा प्रश्न होता. समोर माझाच नवरा, त्याच्या नाकावर उन्हाने आलेला लाल डाग, मागून ट्रक जात होते, आणि मी दरवाजात उभी राहून विचार करत होते की बोलावलंय का? श्रीरंग हळूच म्हणाला, "हो म्हण ना. व्हिसाला ते आमंत्रणाचं पत्र मागतील, तेही मिळेलच." आतून सासूबाई म्हणाल्या, "मुग्धा नक्की काय म्हणाली होती गं? फोन ठेवता ठेवता म्हणाली ना? अगं, तसं तर मी सगळ्यांनाच म्हणते. परवा पाण्याचा जार आणून देणाऱ्याला म्हटलं, जेवायला ये एकदा. आता तो खरंच आला तर?" त्यांनी हे वाईट मनाने नाही म्हटलं. त्या लोणच्याच्या बरणीचं झाकण घट्ट करत होत्या.

मी काही बोलणार एवढ्यात श्रीरंगच्या मागे एक लॉरी येऊन थांबली. तिच्यामागे दुसरी. खाकी टोपी आणि पुठ्ठा बघून त्यांना वाटलं तपासणी आहे. एक ड्रायव्हर खाली उतरला, कागदपत्रं श्रीरंगच्या हातात दिली आणि अदबीने उभा राहिला. श्रीरंगला नाही म्हणवेना (आणि तू त्याला ओळखतेस, हातात कागद आले की तो वाचतो). तो वाचत असतानाच खरे पोलीस आले. त्यांनी विचारलं, तुम्ही कोण? श्रीरंग डोक्यावरची टोपी काढू लागला. तेव्हा सासूबाई आरामखुर्चीतून उठल्या, दरवाजात आल्या आणि चांगल्या खणखणीत कन्नडमध्ये म्हणाल्या, की हा माझा मुलगा आहे, शिकलेला आहे, आणि अलास्काला निघालाय. पोलिसांनी गाडीत डोकावलं, शेगडी पाहिली, संडास पाहिला, गणपती-मारुती पाहिले. मग यल्लाप्पांकडे आंध्रचा परवाना मागितला. यल्लाप्पा म्हणाले, "यांनी अलास्का म्हणून सांगितलं होतं सर, आंध्र कुठे सांगितलं?" आम्हाला परत पाठवलं. श्रीरंगने वहीत लिहिलं: 'सीमेवर प्रवेश नाकारला.'

तर वहिनी, हे इथेच थांबवू या. तुझा शब्द तू सहज बोलून गेलीस, त्यात तुझी काही चूक नाही. तू फक्त ग्रुपवर एक ओळ टाक, की दादाला रजा मिळत नाही. श्रीरंग रजेच्या नियमांना फार मान देतो. नकाशा उतरेल, भिंतीवर पूर्वीसारखं कॅलेंडर लागेल, आणि तुला आणि मला एकमेकींसमोर अवघडायला नको. दादाला यातलं काही बोलू नकोस.

तुझी नणंद,
सुखदा

ता. क. रजेच्या ओळीत 'या वर्षी' हे शब्द घालू नकोस. तो लगेच पुढच्या वर्षीचा नकाशा काढेल.

ता. क. २. पाकीट चिकटवायला घेतलं आणि परत उघडलं. वहिनी, अलास्का रद्द कर. मला नको करूस. मला अस्वलं, हिमनद्या काही बघायचं नाही. तुझ्या स्वयंपाकघरात ओट्याशी स्टूल टाकून बसायचं आहे. तू भाजी निवड, मी बोलते, किंवा उलट. आठ दिवस सकाळी कुणी मला उठवू नये आणि दादाने 'सुखी अजून झोपलीये का?' असं मोठ्याने विचारून उठवावं. बोलावलंय असं तू आता नव्याने म्हणायची गरज नाही. तेव्हा म्हणताना अर्धं जरी मनापासून म्हटलं असशील, तरी ते अर्धं मला पुरेल.

ता. क. ३. संध्याकाळ झाली, दिवा लावायला उठले तेवढ्यात सासूबाईंनी हे पत्र टेबलावरून उचललं आणि वाचलं (चष्मा सापडत नाही म्हणतात, तो अशा वेळी सापडतो). मला म्हणाल्या, "हे कॅल्गरीला पोचेपर्यंत तू कपाटं आवरत बसणार का?" आणि त्यांनी तुला फोन लावलाय. तुमच्याकडे सकाळ असेल, क्षमा कर. त्यांनी गुडघा विचारला नाही, हवा विचारली नाही, एकदम म्हणाल्या, "मुग्धा, तू बोलावलंस ते ही खरं धरून बसली आहे. धरू दे का?" मी खोलीच्या दारात उभी राहून भिंतीवर कागद धरून हे लिहितेय, कारण हाताला काहीतरी काम हवं. त्या ऐकतायत. 'हं' म्हणाल्या. परत 'हं'. स्पीकर त्यांना लावता येत नाही, त्यामुळे मला काही कळत नाही. आता माझ्याकडे वळल्या, आणि फोन कानाला धरूनच म्हणाल्या, "सुखदा, मुग्धा म्हणते, येताना पुरणयंत्राची बारीक जाळी आण, तिकडे मिळत नाही. मोठी नाही, बारीक."

'येताना' म्हणालीस ना गं?