दर रविवारी नवं घर

४ जाने., रवि.
गुड्डी आज तिसऱ्या घरी गेली, शिंद्यांकडे. तिच्या गावातल्या जाळपोळीत घर गेलं, आई इथे जयपूरला दवाखान्यात भाजून पडलीय, बापाचा पत्ता नाही. पोर सात वर्षांची. आमच्या रेल्वे कॉलनीतल्या मराठी मंडळाने मोठ्या तोंडाने सांगितलं, आम्ही सांभाळू. मग ठरवलं, दर रविवारी घर बदलायचं. कुणा एकावर भार नको.
तक्ता मीच केला. गणपतीत आरतीचा, प्रसादाचा तक्ता दरवर्षी मीच करते, तस्साच. आठ घरं, आठ रविवार. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, किती सुबक आखलंय. मी फुलून गेले. आता आठवलं की शिसारी येते.

८ जाने.
ग्रुपवर शिंदेवहिनी: गुड्डी चार पोळ्या खाते. खाली तिघींचे हसरे चेहरे. ह्याच बाया हळदीकुंकवाला अर्ध्या प्लेटा टाकून उठतात.
ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, आपला आठवडा आला की बघू. आणि पेपर वाचत बसले.

११ जाने., रवि.
आपला आठवडा आला. शिंदेवहिनी स्वतः सोडायला आल्या. दारातच गुड्डीच्या अंगातला स्वेटर काढून घेतला. पुढच्या घरी हरवतो म्हणे. जानेवारीतली सकाळ, आणि पोर नुसत्या फ्रॉकवर.
मी काय बोलले? "चहा घेता का?" थू माझ्यावर.
माझ्या लेकीचा, पिंकीचा जुना स्वेटर घातला तिला. गुडघ्यापर्यंत येतो.

१३ जाने.
सकाळी बघते तर मोरीत बसून स्वतःच चादर धुतेय. गार पाण्यात. अंथरूण ओलं झालेलं. मी दुसरं टोक धरून पिळू लागले, तर ती माझ्याकडे बघतच राहिली. ओरडा खायची तयारी करून बसली होती.
कपडे कपाटात ठेव म्हटलं. नको म्हणाली. पिशवीच बरी.

१५ जाने.
अध्यक्षीणबाईंकडे गेले. म्हटलं, आई बरी होईपर्यंत गुड्डी आमच्याकडेच राहू दे. तर म्हणतात, बाकीच्या चार घरांचं काय? स्मरणिकेत आठही कुटुंबांचे फोटो लावायचेत, गुड्डीसोबत. लोकांना वाईट वाटेल.
लोकांना!
वर गोड हसून, "आणि तक्ता तूच केलास ना गं?"
जिना पाय आपटत उतरले. राग त्यांच्यावर की माझ्यावर, देव जाणे.

१७ जाने., शनि.
मीच फोन केला होता, म्हणून बालकल्याणच्या मॅडम आल्या. तक्ता बघून हादरल्या. त्यांना वाटत होतं पोर एकाच घरात आहे. मंडळ सगळं जमलेलं, नव्या साड्या नेसून. मॅडमनी गुड्डीला जवळ घेऊन विचारलं, बेटा, किसके घर रहना है?
गुड्डी म्हणाली, "जिसका नंबर हो।"
दोघीतिघी हसल्या. कित्ती शहाणी, म्हणे. मला त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि आधी स्वतःच्या.
मॅडमनी फॉर्म दिला. एकच घर, नवराबायको दोघांच्या सह्या, उद्यापर्यंत. मी तिथेच केली. हे म्हणाले, "माझी बदली कधीही येईल. मग ही पोर पुन्हा कुणाच्या तरी दारात. त्यापेक्षा आत्ताच नाही म्हणणं बरं." चिडता येईना. खोटं नाही ना त्यात.

१८ जाने., रवि.
हे पहाटे ड्यूटीवर गेले. फॉर्म टेबलावर, त्यांची जागा कोरी. अकराला पुढच्या घरचे न्यायला येणार. फोन करून सांगितलं, येऊ नका. तर म्हणाले, आम्ही केक आणून ठेवलाय, फोटोवालाही येतोय. फोन ठेवून दिला.
बाहेर आले. गुड्डी बूट घालून दाराशी बसलेली. वेणीही स्वतःच घातलेली, वाकडी. शेजारी बसले. म्हटलं, आज कहीं नहीं जाना है.
तिने विचार केला थोडा. बूट काढले नाहीत.
"तो कब जाना है?"