बोरीचं पिवळं पाणी

२२ नोव्हेंबर १९९३
ह्यांचे डोळे हळद लावलेल्या नवरदेवासारखे! मी म्हणाले, "या वयात कुणाशी लग्न?" हे हसले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "कावीळ हाय. उतार पडायलाय." कशानं, ते विचारायला हवं होतं. साप्ताहिकाला माझं विनोदी सदर द्यायची घाई होती.

२९ नोव्हेंबर
उतार कसला! विजार कमरेवर राहत नाही. तरी पूर्णा स्टेशनात तिकिटं द्यायला जातात. रविवारीही जादा ड्युटी. उद्या औरंगाबाद गाठायचं. सासूबाई पुटपुटल्या, "रविवार हुकंल." कसला रविवार?

१ डिसेंबर
स्वादुपिंडाचा कॅन्सर. यकृतात पसरलाय.
"पसरतो कसा?" मी विचारलं. डॉक्टरांनी पाठकोऱ्या कागदावर चित्र काढलं. पेशीतल्या प्रथिनांना काबूत ठेवणारं एक विकर असतं — एन्झाइम. ते बिघडलं, की मोडून टाकायची प्रथिनं तशीच उरतात, पेशी जागा सोडून हिंडायला लागतात. "अजून सगळं कळलेलं नाही, बाई." काबूत ठेवणारंच बेकाबू! एरवी यावर सबंध सदर काढलं असतं.
मग ह्यांना विचारलं, "डोळे कधीपासून पिवळे?"
"दसऱ्याच्या आधीपासून."
मला दिवाळीनंतर दिसले!
"केलं काय इतके दिवस?"
हे फरशीकडं बघत म्हणाले, "बोरीला जायलो होतो. दर रविवारी. कावीळ उतरवायला."

२ डिसेंबर
बोरीचा तो माणूस रोग्याच्या हाताला आंब्याच्या खोडाच्या सालीचा रस चोळतो, चुन्याच्या निवळीत ते हात धुतो. पाणी पिवळंजर्द. धडधाकट माणसाचे हात धुवा, तरी पिवळंच! मागच्या वर्षी सदरात मीच लिहिलं हे. तिथं जाणाऱ्यांना गाढवं म्हटलं. लोक पोट धरून हसले.
गाडीत विचारलं, "तुम्ही वाचलं नव्हतं?"
"वाचलं की. म्हणून तर तुला सांगितलं न्हाई. गाढवांत माझं नाव आलं असतं."
"मग गेलात कशाला?"
"पाणी पिवळं दिसलं, की वाटायचं — निघायलंय."


१९ डिसेंबर
दोन घास पेज. तेवढंच.

१४ जानेवारी १९९४
मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून गावात पोलीस बंदोबस्त. मी संपादकांना पत्र लिहिलं — सदर बंद. पाकीट ह्यांच्या उशाशी राहिलं.

१५ जानेवारी
पत्र ह्यांनी फाडलं. "बोरीवर परत लिही. सहा आठवडे गेलो म्हणावं. नाव खरं टाक — दिनकरराव, तिकीट क्लार्क, पूर्णा. आन् या बारीला गाढव म्हणू नको. म्हंजे लोक लपणार न्हाईत."