चंपाषष्ठी आणि मेक्सिकन चूल

शनिवार, २८ ऑक्टोबर २००६. नीउ-व्हेनेप.

समस्येचे निदान झाले. समस्या नीट मांडली की ती निम्मी सुटते. उरलेली निम्मी आज गार्डन सेंटरमधून ट्रॉलीवर घालून घरी आणली.

नोंद परिपूर्ण असावी म्हणून पार्श्वभूमी. द हेगच्या ऑफिसने मला १ डिसेंबरपर्यंत मुदत दिली आहे : एकतर कायमचा करार, नाहीतर डिसेंबरअखेर पुण्याला परत. मला राहायचे आहे. मृदुलेला विचारले तर म्हणते, चंपाषष्ठी होऊ दे, मग सांगते. चंपाषष्ठी २६ नोव्हेंबरला.

तिने हाच दिवस का निवडला, हे समजायला फारशी बुद्धी लागत नाही. आमचे कुलदैवत खंडोबा. चातुर्मासापासून वांगे वर्ज्य, ते चंपाषष्ठीला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवूनच सुटते. या भाड्याच्या घरात गॅस नाही, नुसती काचेची इलेक्ट्रिक शेगडी. गेल्या वर्षी मृदुलेने वांगी ओव्हनमध्ये ठेवली. पहिला घास घेऊन म्हणाली, हे भाजलेलं नाही, शिजलेलं आहे. घरात विस्तवच नाही रे श्रीकांत, मग घर कसलं. नंतर बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसली. बाहेर पाहण्यासारखे काही नव्हते.

तर्क सरळ आहे. विस्तव नाही म्हणून घर नाही. विस्तव आला की घर होईल. घर झाले की ती राहील.

वस्तूचे नाव चिमिनेआ. मेक्सिकन पद्धतीची मातीची, बागेतली शेकोटी. रांजणासारखे पोट, पोटाला समोर तोंड, वर धुराड्याची मान सुटी बसवायची. निखाऱ्यात वांगी उत्तम भाजतील. हंगाम संपल्यामुळे ही एकच उरली होती. विक्रेता, कानात बाळी घातलेला पन्नाशीचा गृहस्थ, म्हणाला, तळाशी वाळू घाला, पहिले पाच जाळ नुसत्या काटक्यांचे करा आणि ओली होऊ देऊ नका. मी त्याला सांगितले की माझी डॉक्टरेट उष्णतावहनात आहे. तो म्हणाला, छान, पण वाळू घाला.

शिक्षणाचा आदर हा या देशाचा गुण नव्हे.

रविवार, २९ ऑक्टोबर. सकाळी ११.

सोबत आलेले माहितीपत्रक न वाचता फाईल केले. सगळी चित्रेच होती.

पुण्याला आईला फोन. ती म्हणाली, अरे श्री, नवं मातीचं भांडं आधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतात. तसंच जाळावर ठेवलंस तर तडकणारच. आपला पहिला माठ नाही का आठवत.

एका बाजूला शतकानुशतकांचा अनुभव, दुसऱ्या बाजूला बाळी. निर्णय क्षणात झाला.

फक्त आईच्या म्हणण्याला शास्त्राची जोड हवी. पाणी मातीत मुरण्याचा काळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. चिमिनेआची भिंत आईच्या भांड्याच्या तिप्पट जाड. म्हणजे एक रात्र नव्हे, नऊ रात्री.

बुधवार, १ नोव्हेंबर.

चिमिनेआ वरच्या मजल्यावर बाथटबमध्ये बुडवली. जिन्यात दोनदा विसावा घ्यावा लागला. कंबर दुखते आहे, पण ते वेगळे.

आर्याने (वय ११) दारातून पाहिले आणि डचमध्ये म्हणाली, बाबा, दू नोर्माल. या दोन शब्दांत इथले सगळे तत्त्वज्ञान आहे : माणसासारखे वागा. मी तिला वर्गाचे प्रमाण समजावू लागलो. ती निघून गेली.

मृदुला म्हणाली, नऊ दिवस अंघोळ कुठे करायची ते पण काढ गणितात.

शुक्रवार, ३ नोव्हेंबर.

मायलेकी शेजारच्या तिनेकेबाईंकडे अंघोळीला जातात. तिनेकेबाई निवृत्त नर्स, एकट्या राहतात. मृदुला टॉवेल घेऊन जाते ती दोन तासांनी येते. दोघी कोणत्या भाषेत बोलतात देव जाणे. एकटेपणात माणूस कोणाशीही बोलतो. बिचारी.

मी भांड्याच्या स्पंजने अंग पुसतो. संशोधनात त्याग असतो.

मंगळवार, ७ नोव्हेंबर.

सहाव्या रात्रीनंतर प्रयोग आवरता घेतला. मृदुलेने अल्टिमेटम दिले होते. पाणी विटकरी झाले होते आणि टबला चार ओरखडे आहेत. घरमालकाच्या दृष्टीस पडणार नाहीत अशा ठिकाणी तीन.

चिमिनेआ अंगणात मांडली. स्पिरिट लेव्हल लावली तेव्हा पश्चिमेकडे अर्ध्या अंशाचा उतार आढळला. फरश्या उचलून पुन्हा बसवणे क्रमप्राप्त.

रविवार, १२ नोव्हेंबर.

फरश्या तिसऱ्यांदा बसवल्या. आता उतार पूर्वेकडे आहे, पण तो वाऱ्याच्या दिशेस अनुकूल असल्याने हेतुपुरस्सर ठेवला आहे.

पाऊस. चिमिनेआवर काही झाकले नाही. जी सहा रात्री पाण्यात होती तिला पावसाचे काय.

मंगळवार, १४ नोव्हेंबर. ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत.

डब्यात फुलके टम्म फुगलेले, वर काळे ठिपकेसुद्धा. गेल्या महिन्यात मी मृदुलेला काचेच्या शेगडीवर फुलका कसा फुगवावा याची आकृती काढून दिली होती. शैलेंद्रला सांगितले. हा नागपूरचा, माझ्या हाताखाली आहे, सोपी कामे बरी करतो. तो म्हणाला, सर, काचेवर असा ठिपका पडत नाही, हा गॅसचा आहे. मी त्याला म्हणालो, ज्या विषयात अधिकार नाही त्यात बोलू नये.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

गॅसचाच आहे. तिनेकेबाईंकडे चार बर्नरची शेगडी आहे. सप्टेंबरपासून मृदुला मंगळवारी आणि गुरुवारी तिकडे जाऊन फुलके करते. आर्याला वाटत होते मला माहीत आहे.

यावर शांतपणे विचार केला. परक्याच्या घरचा विस्तव परकाच. मृदुला किती कासावीस झाली असेल की तिला शेजारी जावे लागले. माझ्या प्रकल्पाची निकड यातून सिद्धच होते.

शनिवार, १८ नोव्हेंबर.

उद्या पहिला जाळ. पाच छोटे जाळ करत बसायला वेळ नाही. एका पूर्ण क्षमतेच्या जाळात पाच छोट्यांचे काम होईल, ऊर्जेचा हिशोब तोच. वाळूसुद्धा अनावश्यक. ज्याने ती सांगितली त्याला कारण सांगता आले नव्हते.

रविवार, १९ नोव्हेंबर. दुपारी ४.

सर्व सिद्धता. मृदुला आणि आर्या शाली घेऊन बाहेर बसल्या. तिनेकेबाई कुंपणावरून पाहत होत्या. मी थोडक्यात प्रास्ताविक केले. आर्या म्हणाली, बाबा, पेटवा ना.

ओक लाकडाचे अकरा ओंडके. प्रथम धूर. मग पुष्कळ धूर. चिमिनेआच्या पोटातून चुर्र आवाज येऊ लागला, बाहेरून घाम फुटल्यासारखे थेंब. मी सांगितले की हे अपेक्षित आहे. त्यानंतर टाळी वाजावी तसा आवाज झाला आणि तोंडापासून मानेपर्यंत तडा गेला. तो अपेक्षित नव्हता.

तिनेकेबाईंनी त्यांची वाळत घातलेली चादर आत नेली. जाता जाता म्हणाल्या, तळाला वाळू होती ना.

सोमवार, २० नोव्हेंबर.

आईला फोन. ती म्हणाली, भिजवल्यावर सावलीत आठ दिवस खडखडीत वाळवायचं असतं, ते मेलं सांगायला लागतं का. मी म्हणालो, लागतं. ती म्हणाली, आता शेणमातीने लिंपून घे.

अपुरी माहिती देणाऱ्या तज्ज्ञांनी माझे जितके नुकसान केले तितके अडाण्यांनी केले नाही.

मंगळवार, २१ नोव्हेंबर.

अर्धा दिवस रजा. सायकलवर बादली अडकवून पोल्डरमधल्या, म्हणजे पाणी उपसून केलेल्या सखल जमिनीवरच्या, एका शेतकऱ्याकडे गेलो. आपल्याकडच्या चित्रांतली गाय, पवनचक्की, सगळे तिथे होते, फक्त शेण मागायला आलेला सॉफ्टवेअर आर्किटेक्ट त्याने प्रथमच पाहिला असावा. गुलाबांसाठी का, असे त्याने विचारले. मी म्हणालो, उपासनेसाठी. त्याने बादली भरून दिली आणि कुत्र्याला आत घेतले.

इथली माती काळी, चिकट, लिंपणाला उत्कृष्ट. तड्यावर तीन थर दिले. आर्याच्या मैत्रिणी आल्या होत्या. तिने त्यांना पुढच्या दारानेच बाहेर काढले.

मृदुलेने माझ्या हातांकडे पाहिले आणि म्हणाली, श्रीकांत, हे माझ्यासाठी चाललंय का. मी म्हणालो, तत्त्वासाठी. स्त्रियांना उपकाराचे ओझे देऊ नये. ती काहीतरी सांगणार होती, पण लिंपण सुकायच्या आत गुळगुळीत करणे आवश्यक होते.

गुरुवार, २३ नोव्हेंबर. संध्याकाळी ६.

दुसरा जाळ. या वेळी वाळू घातली. सहा ओंडके.

लिंपण टिकले. त्याच्याभोवतीची चिमिनेआ टिकली नाही. मान खाली आली, पोट दोन भागांत उघडले आणि निखारे नव्याने बसवलेल्या फरश्यांवरून उताराच्या दिशेने पूर्वेकडे गेले. मृदुलेने पाण्याची बादली ओतली. रागावली असती तर बरे झाले असते. तिने नुसता माझा हात धरून आत नेले आणि बोटाला मलम लावले.

ती न बोलण्यातच सगळे बोलली. प्रश्न सुटला नाही. ती राहणार नाही.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर.

रात्रभर विचार करून आज सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी मॅनेजर योस्ट यांना मेल पाठवली : कौटुंबिक कारणास्तव करार स्वीकारू शकत नाही, ३१ डिसेंबर हा शेवटचा दिवस. एकच परिच्छेद, एकही परिशिष्ट नाही.

मृदुलेला विचारले नाही. विचारले असते तर ती माझ्या करिअरचा विचार करून नाही म्हणाली असती. तिचे मन ओळखणे हे माझे कर्तव्य. रविवारी नैवेद्य झाल्यावर सांगेन. तिचा चेहरा पाहण्यासारखा होईल.

बारा वर्षांच्या संसारात इतकी निःस्वार्थ गोष्ट मी केल्याचे स्मरत नाही.

रविवार, २६ नोव्हेंबर. चंपाषष्ठी. दुपारी ३.

क्रम लावून लिहितो.

सकाळी मृदुला चार वांगी घेऊन शेजारी गेली. तिनेकेबाईंच्या गॅसवर ती भाजली. तिनेकेबाईंनी खिडकी उघडून, चिमटा धरून स्वतः दोन उलटवली. मृदुलेने त्यांनाही जेवायला बोलावले. नैवेद्य दाखवला. भंडारा उधळला तो तिनेकेबाईंच्या पांढऱ्या केसांवर पडला, तर त्या म्हणाल्या, राहू दे, शोभतो.

भरीत उत्तम होते. हे मान्य करावे लागते.

जेवण झाल्यावर मी घसा साफ केला. त्याआधीच मृदुला म्हणाली, मी सांगते म्हटलं होतं ना, चंपाषष्ठी झाली की. आणि एक पत्र पुढे ठेवले. गावातल्या वाचनालयात तिला आठवड्यातून तीन दिवसांचे काम मिळाले आहे. कळवणार होते या आठवड्यात, म्हणून ती थांबली होती. मंगळवार-गुरुवार ती तिनेकेबाईंकडे डच शिकत होती. फुलके म्हणजे जाता जाता. मुलाखत तिने डचमध्ये दिली.

मी विचारले, आणि विस्तव? घर? ती म्हणाली, ते मी गेल्या वर्षी म्हटलं होतं रे. तेव्हा मी इथे कुणालाच ओळखत नव्हते. मी तुला तीनदा सांगायला आले. एकदा तू टबमध्ये होतास, एकदा फरश्यांत, एकदा शेणात.

आर्या म्हणाली, म्हणजे आपण राहणार. हे तिने मराठीत म्हटले.

तिनेकेबाईंनी माझे अभिनंदन केले. इथे घरातल्या एकाचे काही चांगले झाले की सगळ्यांचे करतात. मी आभार मानले.

बातमी सांगण्यास ही वेळ योग्य वाटली नाही. काळजीचे कारण नाही. उद्या सकाळी योस्ट यांच्याशी पंधरा मिनिटे बोलले की मेल मागे घेता येईल. माझ्यासारखा माणूस सोडायला कोणतीही कंपनी सहजासहजी तयार होणार नाही.

सोमवार, २७ नोव्हेंबर. संध्याकाळी ७.

योस्ट यांनी कॉफी दिली. म्हणाले, तीन वर्षांत तुझा पहिलाच निर्णय ज्याला परिशिष्ट नव्हते, आम्हा सर्वांना फार आवडला. परत घेण्याचा विषय मी तीन प्रकारे मांडला. ते म्हणाले, मेल अगदी स्पष्ट होती, म्हणून शुक्रवारी दुपारीच तुझ्या जागेसाठी शैलेंद्रला विचारलं, तो पाच मिनिटांत हो म्हणाला. सही झाली. मला त्याला सगळे हस्तांतरित करायचे आहे, बुधवारपासून.

शैलेंद्र भेटायला आला. म्हणाला, सर, वहिनींचं कळलं, घरची ओढ असतेच. त्याचे डोळे खरोखर पाणावले होते. मी त्याला चुकीचे ठरवले नाही.

माझा इथे राहण्याचा परवाना या नोकरीवर आहे. मृदुलेचा माझ्यावर.

तिला आज सांगायचे ठरवले होते. मुद्दे काढले, क्रम दोनदा बदलला, प्रास्ताविक जमत नाही. ती आत्ता खोलीत येऊन गेली. नवा कोट घालून दाखवला, कामाला जाण्यासाठी बरा दिसतो का विचारले. बरा दिसतो. मग म्हणाली, पहिल्या दिवशी मला सोडायला येशील का, जरा धडधडतंय. मंगळवार, दोन जानेवारी. तुला ऑफिसातून जमेल ना.

जमेल, असे मी म्हणालो. त्या दिवशी मला ऑफिस नाही.