हातात न दिलेली नोटीस

मी, वय वर्षे बहात्तर, सरकारी नोटिसा वाटण्याच्या कामावरून निवृत्त, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. दबाव टाकायला घरात माणूसच उरलेलं नाही.

१. राहतं घर माझ्या दिवंगत थोरल्या भावाच्या मुलीला. ती माझ्याशी बोलत नाही. तरी तिलाच.

२. सायकल कार्यालयात आता नोटिसा वाटणाऱ्या मुलीला. ब्रेक नवे आहेत. बाई गं, माणूस घरी नसला तर पुन्हा जा.

३. माझ्या साहेबांना काही नाही. पाखरांसाठी राखीव केलेल्या शेतांच्या एक्केचाळीस नोटिसा माझ्या हातात कोंबून म्हणाले, "परवापर्यंत उरका हो, शेतकऱ्यांना काय कळतंय त्यातलं!" हरकतीची मुदत तीस दिवस. चाळीस जणांना मी वाचून दाखवल्या. ज्यांनी हरकत घेतली, त्यांची नांगरटीची जमीन राखीव यादीतून वगळली गेली.

४. एक्केचाळिसावी दादाची. तो वहिनींना घेऊन, पहिल्या कलमातल्या याच मुलीच्या बाळंतपणासाठी तिच्या गावी गेला होता. नियम असा, की तीनदा जाऊनही माणूस भेटला नाही तरच दाराला चिकटवायची. मी एकदाच गेलो. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून आमचा अबोला होता. म्हटलं, कोण पुन्हा याची पायरी चढतोय! पंपाच्या खोलीला नोटीस डकवली आणि वहीत लिहिलं, "समक्ष दिली." कागद वाऱ्यापावसात गेला. दादाला कळलं तेव्हा मुदत उलटली होती. "मला मिळालीच नाही हो!" म्हणून तो कार्यालयात घसा फोडत होता, साहेब माझी वही दाखवत होते, आणि मी शेजारच्या टेबलावर मान खाली घालून लखोटे चिकटवत होतो. नांगर लावायला बंदी आली, सगळं सखल रान पडीक राहिलं. पाखरंसुद्धा दोन वर्षांत पलीकडच्या तळ्यावर निघून गेली. त्यांना कोण अडवणार?

५. माझी सगळी बचत पुतणीने त्या रानासाठी वकील करण्यात घालवावी. वहीतली ती नोंद खोटी आहे. हे कलम माझा कबुलीजबाब समजून कोर्टात दाखवावं. माझी अब्रू राखायची गरज नाही.

६. माझ्यामागे शोकसभा नको. साहेब भाषण करतील.

ठिकाण: माझं स्वयंपाकघर. दिनांक: ११ जून. सही केली आहे.

साक्षीदार पहिला: समोरचा शिंपी. सही.

साक्षीदार दुसरी: वहिनी, दादाची पत्नी. वाचल्याशिवाय सही करणार नाही म्हणाल्या. चौथं कलम पुन्हा वाचलं. मग सही केली, आणि जे बोलल्या तेही लिहून घ्यायला लावलं: "भाऊजी, कागद यांनीच कुठेतरी हरवला म्हणून मी यांना शेवटच्या दिवसापर्यंत बोलत राहिले."